‘2001: अ स्पेस ओडिसी’ पहिल्यांदा पाहायला बसताना

स्टॅन्ली क्युब्रिकचा 1968 सालचा हा चित्रपट लोक मोठ्या अपेक्षेने लावतात आणि पाऊण तासात बंद करतात. तक्रार ठरलेली असते: काही घडतच नाही. जे नेटाने शेवटपर्यंत पोचतात त्यांचा प्रश्नही ठरलेला असतो: याचा अर्थ काय? मराठी विज्ञानकथा वाचून आलेल्यांना हा प्रश्न जास्तच छळतो, कारण आपल्याकडच्या बऱ्याच कथांमध्ये शेवटी कुणीतरी जाणकार सगळं उलगडून सांगतो. इथे कुणीच काही सांगत नाही.

माझ्या मते दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. आपण गोष्ट ऐकायला बसतो आणि या चित्रपटाने आपली गोष्ट डोळ्यांसाठी रचलेली आहे. पात्रं काय बोलतात याला इथे फारसं वजन नाही. ती काय खातात, कशी चालतात, हातात काय धरतात आणि कुणापासून काय लपवतात याकडे लक्ष दिलं, की अर्थ हळूहळू हाती लागायला लागतो. पुढे जे सांगतोय ते याच बेताने.

बसण्याआधीची तयारी

मोबाइलवर पाहू नका. हा चित्रपट 65 मिलिमीटरच्या रुंद फिल्मवर, प्रचंड वक्राकार पडद्यांसाठी चित्रित झाला. त्यात माणूस कितीतरी वेळा चौकटीच्या एका कोपऱ्यात नखाएवढा असतो. फोनवर तो दिसतच नाही आणि मग ‘काही घडत नाही’ असं वाटणं साहजिक आहे. घरातला सगळ्यात मोठा टीव्ही घ्या, खोलीत अंधार करा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करणारी सोय असते, ती बंद करा. तिच्यामुळे सगळं मालिकेसारखं दिसतं. आवाजाचं मात्र नीट बघा. यात अगदी बारीक श्वासापासून कान फाटेल अशा कर्कश शिट्टीपर्यंत सगळं आहे, त्यामुळे बरा स्पीकर किंवा चांगला हेडफोन हवाच.

सुरुवातीला साधारण तीन मिनिटं पडदा काळाच राहतो आणि मागे वाद्यांचा एक घनदाट, अस्वस्थ करणारा गुंजारव चालू असतो. फाइल बिघडलेली नाही, पुढे ढकलू नका. ही नांदी आहे आणि ते संगीत ग्योर्गी लिगेटी या हंगेरियन संगीतकाराचं आहे. डोळ्यांना काहीच न देता आधी कान जागे करायचे, असा तो बेत आहे.

एकूण लांबी नांदी, मध्यंतर वगैरे धरून 149 मिनिटं. दीड तासाच्या आसपास चित्रपटाचं स्वतःचं मध्यंतर येतं. चहा, फोन, उठणं, सगळं तेव्हा. मध्येच थांबवून दोन दिवसांत पाहायचा हा चित्रपट नव्हे, कारण त्याची संथ लय अंगात भिनायलाच अर्धा तास लागतो आणि मोडली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आधी सांगाडा ठाऊक असू द्या

एरवी मी कुणालाही कथानक आधी सांगणार नाही. या चित्रपटाचं बिनदिक्कत सांगतो, कारण त्यातलं रहस्य कथानक कळल्याने सुटत नाही.

लाखो वर्षांपूर्वी आफ्रिकेसारख्या एका उजाड प्रदेशात उपाशी वानरमानवांची टोळी आहे. एका पहाटे त्यांच्यासमोर एक गुळगुळीत काळी शिळा उभी असते. त्यानंतर त्यांच्यातला एक जण हाडाचं हत्यार करायला शिकतो. पुढचा भाग थेट अंतराळयुगात. चंद्रावर जमिनीखाली तशीच एक शिळा सापडली आहे आणि डॉक्टर फ्लॉइड नावाचे बडे अधिकारी ती बघायला निघालेत. तिच्यावर सूर्यप्रकाश पडताच ती एक तीव्र संदेश सोडते. अठरा महिन्यांनी ‘डिस्कव्हरी’ हे यान गुरूकडे चाललंय. यानात पाच माणसं, त्यातली तीन शीतनिद्रेत, आणि सगळा कारभार सांभाळणारा हॅल 9000 हा संगणक. हॅल बिघडतो, किंवा बिघडल्यासारखा वागतो, आणि एकटा डेव्ह बोमन उरतो. शेवटच्या भागात तो गुरूजवळ पोचतो आणि मग जे होतं ते शब्दांत सांगता येत नाही.

एवढं पुरे. आता बघायला लागा.

पहिली पंचवीस मिनिटं: शब्द शोधू नका

पहिला संवाद येतो तो चित्रपट सुरू होऊन पंचवीसेक मिनिटं झाल्यावर आणि तोही अवकाशस्थानकाच्या लिफ्टमधल्या बाईचं साधं स्वागत. तोवर तुमच्याकडे फक्त वानरमानव आहेत. केसाळ पोशाखात कलावंत आहेत; खरी आहेत ती फक्त चिंपांझीची दोन पिल्लं. मुख्य वानर झालेला डॅनियल रिक्टर हा मूकाभिनय करणारा नट होता. त्याने हाड हातात घेतल्यावरचा प्रसंग नीट बघा. आधी नुसतं उचलतो. वास घेतो. सैल मनगटाने इतर हाडांवर टेकवतो. एक हाड उडतं. पुन्हा, थोडं जोरात. मग हात खांद्याच्या वर जातो. एका डोक्यात कल्पना जन्मताना दिसते आणि तिच्यासाठी एक शब्दही वापरलेला नाही. हा एक प्रसंग कळला, की चित्रपट कसा वाचायचा ते कळलं.

यातलं क्षितिज, डोंगर, पहाटेचं आभाळ इंग्लंडमधल्या स्टुडिओत उभं केलेलं आहे. आज ज्याला नामिबिया म्हणतात तिथले फोटो काढून आणले आणि ते नटांच्या मागच्या अतिशय परावर्तक पडद्यावर कॅमेऱ्याच्याच बाजूने प्रक्षेपित केले. बिबट्याचा शॉट आला की त्याचे डोळे दिव्यासारखे पेटलेले दिसतील. प्रक्षेपकाचा प्रकाश त्याच्या डोळ्यांतून परत कॅमेऱ्यात आला, म्हणून ते तसे दिसतात. योगायोगाने मिळालेली ही चमक त्या दृश्याला जी भीती देते, ती ठरवून मिळाली नसती.

मग तो प्रसिद्ध कट. वानर हाड आभाळात फेकतो, ते गरगरत वर जातं, खाली यायला लागतं आणि त्याच जागी काळ्या आकाशात एक लांबट उपग्रह तरंगत असतो. मधली चाळीस लाख वर्षं एका कटमध्ये गाळली. या कटचं कौतुक सगळे करतात. मी एक बारीक गोष्ट सांगतो. मूळ आराखड्यात ते उपग्रह अण्वस्त्रं घेऊन फिरणारे होते. चित्रपटात तसा उल्लेख येत नाही. पण हे ठाऊक असेल तर पुढचं सगळं वैभव तुम्ही वेगळ्या नजरेने पाहाल: पहिल्या हत्यारापासून थेट शेवटच्या हत्यारापर्यंत आलो आहोत.

‘कंटाळवाणा’ भाग कसा पाहायचा

इथून पुढचा अर्धा तास बहुतेकांना झेपत नाही. यान स्थानकाकडे संथपणे सरकतं, योहान स्ट्राउसचं ‘ब्लू डॅन्यूब’ वाजत राहतं. अशा वेळी एकच करा: प्रत्येक शॉटमध्ये वर कुठे आणि खाली कुठे ते शोधा. परिचारिका चालत चालत भिंतीवरून छताकडे जाते, पेन हवेत तरंगतं, दोन यानं एकमेकांभोवती फिरतात. दिशा ही गोष्टच हळूहळू नाहीशी होते. त्यासाठी कशा युक्त्या लढवल्या ते कळलं तर गंमत वाढते. पेन काचेच्या मोठ्या तावदानावर चिकटवलं होतं आणि तावदान फिरवलं. परिचारिका ते ‘पकडते’ तेव्हा प्रत्यक्षात काचेवरून सोलून काढते. ती चालते तेव्हा सगळा सेट कॅमेऱ्यासकट फिरतोय आणि ती खालच्या खालीच पावलं टाकते आहे. संगणकाने चित्रं बनवण्याचा काळ अजून यायचा होता.

हा चित्रपट एप्रिल 1968मध्ये आला. अपोलो 8ची माणसं चंद्राला फेरी मारून आली ती त्या डिसेंबरात आणि माणूस चंद्रावर उतरला तो पुढच्या वर्षी जुलैत. म्हणजे दुरून पृथ्वी कशी दिसते हे माणसाने डोळ्यांनी पाहण्याआधी ही दृश्यं बेतली गेली. म्हणूनच यातली पृथ्वी जरा फिकट, दुधाळ आहे. चुकाही सापडतात: अवकाशात फ्लॉइड नळीने जेवतात तेव्हा तोंड काढल्यावर नळीतला द्रव खाली उतरतो. चंद्रावरच्या बैठकीत माणसं पृथ्वीवरच्यासारखीच चालतात. आणि बायकांच्या वाट्याला जवळजवळ फक्त ट्रे धरणं आलंय, ही त्या काळच्या कल्पनाशक्तीची खरी उणीव आहे.

या भागातले संवाद नीरस आहेत आणि ते तसेच हवेत. पण त्यांत एक धागा आहे, तो सोडू नका. स्थानकावर रशियन शास्त्रज्ञ फ्लॉइडना विचारतात, चंद्रावरच्या तळावर साथ पसरली आहे का? फ्लॉइड हसून, गोड आवाजात टाळतात. पुढे बैठकीत कळतं की साथीची ती बातमीच बनावट आहे, शिळा लपवण्यासाठी पसरवलेली, आणि गुप्ततेच्या लेखी शपथा सगळ्यांकडून घ्यायच्या आहेत. एक सभ्य, हसतमुख माणूस सरकारी खोटं सांभाळतोय. हे लक्षात ठेवा, हॅलच्या वेळी लागेल.

जेवणाची ताटं मोजा

पहिल्यांदा पाहणाऱ्याला मी नेहमी एकच गृहपाठ देतो: कोण काय खातंय ते बघ. वानर आधी रुक्ष झुडपं ओरबाडून खातात, टॅपिर नावाचे डुकरासारखे प्राणी शेजारीच निवांत चरत असतात आणि त्यांना मारून खाता येईल हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. हाड हाती आल्यावर तीच टोळी कच्चं मांस खाते, पोटभर. मग कट. फ्लॉइडना पातळ अन्न नळ्यांतून मिळतं, डब्यावर भाज्यांची चित्रं. चंद्राच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या वाहनात सँडविच निघतात. ती कशाची आहेत हे खाणाऱ्यांनाही नक्की सांगता येत नाही. डिस्कव्हरीवर बोमन आणि त्याच्याबरोबर जागा असलेला दुसरा अंतराळवीर पूल हे ट्रेमधले रंगीबेरंगी लगदे खातात, तेही एकमेकांकडे न बघता, समोरच्या पडद्यावर स्वतःचीच मुलाखत बघत. पुढे शेवटच्या त्या विचित्र खोलीत म्हातारा बोमन पांढऱ्या कापडाच्या टेबलावर, काटाचमचा घेऊन, एकटा जेवतो. त्याच्या हातून पेला पडून फुटतो आणि तो खाली वाकून तुकड्यांकडे बघत राहतो.

एवढाच माग काढला तरी चित्रपटाचा कणा हाती येतो. हत्याराने माणसाला अन्न दिलं, मग हत्यारं इतकी सुधारली की अन्नाची चव गेली, माणसांमधलं बोलणं गेलं. पूलला वाढदिवसाचा संदेश येतो तेव्हा त्याचा चेहरा बघा. आईवडील केकसमोर गाणं म्हणतायत आणि तो काळा चश्मा लावून पडलाय, हॅलला फक्त उशी थोडी वर करायला सांगतो.

हॅल: इथे जास्त लक्ष देऊन पाहा

डिस्कव्हरीतलं फिरतं चाक आधी डोळे भरून पाहून घ्या. व्हिकर्स या कंपनीने बांधलेलं, सुमारे 38 फूट व्यासाचं आणि 30 टनांचं ते चाक खरोखर फिरत असे. पूल गोल गोल पळतो तेव्हा चाक फिरतंय आणि तो तळाशीच आहे. एका शॉटमध्ये बोमन शिडीने उतरतो आणि चालत पूलच्या टेबलापाशी जातो. सुरुवातीला पूल आपल्याला उलटा, छताला बसलेला दिसतो. तिथे त्या नटाला खुर्चीला बांधून खरोखरच उलटं टांगलं होतं.

आता हॅलकडे. त्याला चेहरा नाही, लाल डोळा आहे आणि कॅनेडियन नट डग्लस रेन यांचा मऊ आवाज. हा आवाज शूटिंगनंतर रेकॉर्ड झाला, त्यामुळे पडद्यावरच्या नटांसमोर तो कधी नव्हताच. गंमत अशी की यानात सगळ्यात जास्त भावना दाखवतो तो हाच.

मुलाखत संपल्यानंतर हॅल बोमनची चित्रं बघायला मागतो, कौतुक करतो आणि मग हळूच विचारतो: या मोहिमेबद्दल तुला काही शंका येतायत का? चंद्रावर काहीतरी खणून काढल्याच्या अफवांचा विषयही तोच काढतो. बोमन सावध आहे. तो म्हणतो, तू आम्हा सगळ्यांचा मानसशास्त्रीय अहवाल बनवतोयस ना? हॅल कबूल करतो. आणि त्याच श्वासात, ‘एक मिनिट, एक मिनिट’ म्हणत, अँटेनाचा एक भाग 72 तासांत निकामी होणार असल्याचं जाहीर करतो. हा क्षण दोनदा बघा. हॅल कुणाला तरी गुपित सांगू पाहत होता, समोरचा माणूस बोललाच नाही आणि लगेच ‘बिघाड’ उद्भवला.

याची किल्ली फार उशिरा मिळते. हॅलला बंद केल्यावर फ्लॉइडची आधीच रेकॉर्ड केलेली चित्रफीत आपोआप सुरू होते. मोहिमेचं खरं कारण, म्हणजे चंद्रावरची शिळा आणि तिने गुरूकडे सोडलेला संदेश, यानातल्या जाग्या माणसांना ठाऊकच नव्हतं. फक्त हॅलला ठाऊक होतं. कधीच चूक न करणारा म्हणून मिरवलेल्या यंत्राला माणसांनी खोटं सांभाळायला लावलं होतं, तेच अवकाशस्थानकावरचं गोड हसू असलेलं खोटं. हे कळलं की हॅल खलनायक राहत नाही. मला तरी त्याच्या शेवटच्या प्रसंगात दरवेळी गलबलून येतं.

मध्यंतराच्या आधीचा प्रसंग आवाज बंद असलेला आहे. हॅलला ऐकू जाऊ नये म्हणून बोमन आणि पूल छोट्या यानाचं दार लावून बोलतात, कॅमेरा हॅलचा डोळा होऊन एकाच्या ओठांवरून दुसऱ्याच्या ओठांवर सरकतो आणि पडदा काळा. शीतनिद्रेतल्या तिघांचा खून तर नुसत्या यंत्रांच्या पाट्यांवर होतो: सरळ होत जाणाऱ्या रेषा आणि लुकलुकणारी अक्षरं. रक्ताचा थेंबही नाही आणि त्याहून थंड काही मी पडद्यावर पाहिलेलं नाही. पुढे बोमन शिरस्त्राणाशिवाय निर्वात पोकळीतून यानात उडी घेतो, तेव्हा स्फोटाचा आवाजच येत नाही. पोकळीत आवाज वाहायला हवा नसते, हे शाळेत शिकलेलं इथे कानांना प्रत्यक्ष जाणवतं.

मग लाल उजेडाच्या खोलीत बोमन एकेक पेटी बाहेर ओढतो. हॅल आधी समजावतो, मग विनवतो, मग सांगतो की त्याला भीती वाटतेय. शेवटी ‘डेझी बेल’ हे जुनं गाणं म्हणायला लागतो आणि आवाज जाड, संथ होत विझतो. ही निवड हवेतून आलेली नाही. 1961 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत आयबीएम 704 या संगणकाकडून हेच गाणं म्हणून घेतलं होतं आणि सहलेखक आर्थर सी. क्लार्क यांनी ते तिथे ऐकलं होतं. आपल्या शैशवातलं गाणं म्हणत तो जातो. या सबंध प्रसंगात बोमन जवळजवळ बोलत नाही. ऐकू येतो तो त्याचा श्वास.

शेवटची वीस-बावीस मिनिटं

आता शब्द पुन्हा संपतात. रंगांचा बोगदा सुरू होईल आणि तो तुम्हाला वाटेल त्यापेक्षा बराच लांब चालेल. अर्थ लावायचा प्रयत्न या टप्प्यात पूर्ण सोडा. डग्लस ट्रंबुल यांनी त्यासाठी यंत्रच तयार केलं: बारीक फटीमागे चित्रं सरकवायची आणि प्रत्येक चौकटीसाठी कॅमेऱ्याचं झाकण उघडं ठेवून त्याला फटीकडे न्यायचं. प्रकाश ताणला जाऊन त्या भिंती बनल्या. मधले विचित्र रंगांचे डोंगर आणि किनारे याच पृथ्वीवरचे आहेत, स्कॉटलंडचे आणि अमेरिकेतल्या मॉन्युमेंट व्हॅलीचे, फक्त रंग उलटेपालटे केलेत. दृश्य-परिणामांसाठी मिळालेलं ऑस्कर हे क्युब्रिकला आयुष्यात मिळालेलं एकमेव ऑस्कर ठरलं.

खोलीत पोचलात की पुन्हा डोळे उघडा. जमिनीतून उजेड येतो, फर्निचर अठराव्या शतकातल्या फ्रान्सचं. बोमनला एक म्हातारा दिसतो. तो म्हातारा वळतो, आणि आता तोच बोमन. ज्याने त्याला पाहिलं तो कुठेच नाही. असं एकामागून एक घडतं. प्रत्येक वेळी विचारा: आत्ता कोण कुणाकडे बघतंय? शेवटी पलंगावरचा मरणासन्न माणूस हात उचलून पायथ्याशी उभ्या शिळेकडे बोट करतो. वानरांनी जिच्याकडे हात नेला, चंद्रावर फ्लॉइडनी हातमोज्याने जिला स्पर्श केला, तीच. हे तीन हात मनात एकाशेजारी एक ठेवा.

नंतर काय

लगेच स्पष्टीकरणाचे व्हिडिओ लावू नका. क्युब्रिकने शेवटाचा अर्थ शब्दांत सांगायला त्या काळी नकार दिला होता आणि त्याचा तो हट्ट मला पटतो. निदान एक रात्र तरी चित्रपट तुमच्या डोक्यात तसाच राहू द्या. कुणाबरोबर पाहिला असेल तर ‘अर्थ काय’ याऐवजी ‘तुला कुठलं चित्र आठवतंय’ असं विचारा. गप्पा तासभर चालतात.

काही आठवड्यांनी पुन्हा पाहा, या वेळी हॅलचं खोटं आधीच ठाऊक असताना. त्यानंतर क्लार्कची त्याच नावाची कादंबरी वाचा. ती चित्रपटाबरोबरच लिहिली गेली आणि चित्रपटानंतर, त्याच वर्षी आली. तिच्यात जवळपास सगळं सांगितलंय: शिळा कुणाची, खोली कशासाठी. यान तिथे गुरूऐवजी शनीकडे जातं. शनीची कडी पडद्यावर मनासारखी उतरेनात म्हणून चित्रपट गुरूवर थांबला. कादंबरी आधी वाचणाऱ्यांना चित्रपट नुसता तिच्या मागे धावल्यासारखा वाटतो, म्हणून हा क्रम पाळा. हॅलचं कोडं सरळ शब्दांत सोडवणारा पुढचा भाग 1984मध्ये दुसऱ्या दिग्दर्शकाने केला. तो ठीक आहे, पण सगळ्यात शेवटी. आणि कुठे 70 मिलिमीटरच्या प्रिंटवर खेळ लागल्याची बातमी आली, तर वरचं काहीही झालेलं नसलं तरी आधी तिकीट काढा.